‘बरा आहे’ म्हणजे किती बरा?

अडीच किंवा तीन तारे मिळालेल्या चित्रपटाचं परीक्षण वाचून झाल्यावर हाती काय लागतं? जायचं की नाही, याचं उत्तर त्यात सरळ नसतं. चित्रपट वाईट नाही, फार चांगलाही नाही, गाणी ठीक आहेत, नायिकेने काम बरं केलंय, मध्यंतरानंतर जरा लांबतो, एवढंच कळतं. दर शुक्रवारी येणाऱ्या मराठी चित्रपटांतल्या बहुतेकांच्या वाट्याला असाच मधला शेरा येतो. तो वाचायचा कसा आणि परीक्षकाने तो लिहायचा कसा, हे सातारा-सांगलीशी नातं सांगणारे अलीकडचे काही चित्रपट समोर ठेवून पाहू. या दोन जिल्ह्यांची माणसं, इतिहास आणि जमीन पडद्यावर वारंवार येते, त्यामुळे इथल्या प्रेक्षकाला हा शेरा जरा जास्तच लागतो.

एक दिग्दर्शक, दोन महिने, दोन निकाल

२८ एप्रिल २०२३ रोजी ‘महाराष्ट्र शाहीर’ प्रदर्शित झाला. वाई तालुक्यातल्या पसरणी गावी ३ सप्टेंबर १९२३ रोजी जन्मलेल्या कृष्णराव साबळे यांचं हे चरित्र. जन्मशताब्दीच्या वर्षात ते पडद्यावर आणलं त्यांच्याच नातवाने, केदार शिंदे यांनी. शाहिरांच्या भूमिकेत अंकुश चौधरी होते आणि संगीत अजय-अतुल यांचं होतं. साबळे यांच्या आवाजाने घरोघरी पोचलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ त्याच वर्षी राज्यगीत म्हणून स्वीकारलं गेलं होतं. याहून चांगला योग मागून मिळाला नसता. तरीही परीक्षणं संमिश्र आली आणि चित्रगृहांतली गर्दी अपेक्षेला पुरी पडली नाही.

पुढे दोन महिन्यांनी, ३० जूनला, याच दिग्दर्शकाचा ‘बाईपण भारी देवा’ आला. मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ही गोष्ट. बायका गटागटाने, नऊवारी नेसून, नाकात नथ घालून चित्रगृहात गेल्या आणि चित्रपटाने ७० कोटींच्या वर मजल मारली. पटकथा म्हणून पाहिलं तर मी त्यालाही मधलाच शेरा देईन. प्रत्येक बहिणीचं दुःख तिच्या नावापुढे लिहून ठेवल्यासारखं येतं, आणि शेवटी सगळ्या गाठी एकाच दिवशी सुटतात. पण स्वतःसाठी दोन तास काढायची सवय नसलेल्या बाईला तिथे काय मिळालं, हे त्या शेऱ्यात मावत नाही. परीक्षकाने ते वेगळ्या वाक्यात लिहायलाच हवं. ‘बांधणी सैल आहे, पण आईला घेऊन जा,’ हा पूर्ण अभिप्राय झाला. नुसते तीन तारे हा अभिप्राय नव्हे.

तीन ताऱ्यांत दोन वेगळे चित्रपट

ताऱ्यांची मोठी अडचण अशी की ते सरासरी सांगतात. सगळ्या विषयांत साठ गुण मिळवणारा मुलगा आणि गणितात पंचाण्णव, भाषेत पंचवीस मिळवणारा मुलगा यांची टक्केवारी एकच निघू शकते, पण दोघांना एकच सल्ला देता येत नाही. मधल्या शेऱ्याचे चित्रपटही असे दोन जातींचे असतात.

पहिली जात सपाट चित्रपटांची. त्यात खटकणारं फार नसतं आणि लक्षात राहणारंही नसतं. मार्च २०२३ मधला, हेमंत ढोमे दिग्दर्शित ‘सातारचा सलमान’ मी या जातीत धरतो. पडद्यावर नायक व्हायचं स्वप्न पाहणारा तरुण हा विषय जिव्हाळ्याचा आहे. सुयोग गोऱ्हे आणि सायली संजीव ही जोडी प्रसन्न आहे. पण प्रत्येक वळण आधीच दिसतं, आणि शीर्षकातला सातारा काढून दुसरं कुठलं गाव घातलं असतं तरी गोष्टीचं फार काही बिघडलं नसतं.

दुसरी जात चढउताराच्या चित्रपटांची, आणि ‘महाराष्ट्र शाहीर’ तिथला. त्यातली गाणी, विशेषतः ‘बहरला हा मधुमास’, लोकांनी डोक्यावर घेतली. साने गुरुजींच्या सहवासाने घडलेला मुलगा आणि स्वतः कविता लिहिणारी, शाहिरांसाठी गाणी लिहिणारी त्यांची पत्नी भानुमती ही त्यातली श्रीमंत सामग्री. भानुमती आणि कृष्णराव यांच्यातला ताण हाच खरा चित्रपट होता असं मला ठामपणे वाटतं. पण चरित्रपटाला सगळंच सांगायचं असतं. बालपण, स्वातंत्र्याचा काळ, संयुक्त महाराष्ट्र, मुक्तनाट्यं, ‘आंधळं दळतंय’ आणि त्यामागचं मुंबईतलं राजकारण, ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा कार्यक्रम. एकेक टप्पा येतो, हजेरी लावतो आणि पुढच्याला जागा देतो. जिथे थांबायला हवं होतं तिथे कॅमेरा थांबत नाही.

सपाट चित्रपट चुकला तरी काही गमावत नाही. चढउताराचा चुकला, तर त्यातल्या चढाला आपण मुकतो. म्हणून परीक्षणात तारे पाहण्याआधी एवढंच शोधावं की परीक्षकाला एखादा प्रसंग नावानिशी आठवतोय का. आठवत असेल तर तो चित्रपट दुसऱ्या जातीचा.

ठरलेल्या वाक्यांमागचा अर्थ

शुक्रवारी सकाळचा खेळ किंवा आदल्या दिवशीचा खास खेळ पाहायचा आणि काही तासांत मजकूर द्यायचा, अशा धावपळीत परीक्षण लिहिलं जातं. जागा मोजकी असते, आणि मथळा पुष्कळदा दुसराच कुणी देतो. त्यामुळे काही वाक्यं घासून गुळगुळीत झाली आहेत. वाचकाला त्यांच्या मागचं वाचता आलं पाहिजे.

‘तांत्रिक बाजू उत्तम’ हे वाक्य परीक्षणात लवकर आलं तर गोष्टीबद्दल बोलण्यासारखं कमी आहे असं समजावं. ‘प्रामाणिक प्रयत्न’ म्हणजे हेतू चांगला, हात कच्चा. ‘कलाकारांनी जीव ओतला आहे’ याचा अर्थ बहुधा असा की लिहिलेल्या भूमिकांत जीव नव्हता, तो त्यांना बाहेरून आणावा लागला. ‘पूर्वार्ध पकड घेतो, उत्तरार्ध रेंगाळतो’ ही तक्रार मात्र खरीच वारंवार उद्भवते आणि तिचं कारण आपल्या मध्यंतरात आहे. लेखकाला मध्यंतराला एक धक्का द्यावाच लागतो, त्या धक्क्यापर्यंतची चढण तो नीट बांधतो, आणि पुढच्या तासाभरासाठी त्याच्याकडे निस्तरण्याखेरीज काम उरत नाही. हे एवढं परीक्षकाने समजावून सांगितलं तर वाचक पुढचा चित्रपट अधिक जाणतेपणाने पाहील. ‘रेंगाळतो’ म्हणून सोडून दिलं तर त्याला फक्त घड्याळाची माहिती मिळते.

‘एकदा पाहायला हरकत नाही’ या वाक्याने माझा सगळ्यात जास्त राग ओढवून घेतलेला आहे. विट्याहून सांगलीला येऊन, चार जणांची तिकिटं काढून, परतीची गाडी गाठणाऱ्या कुटुंबाची हरकत काय असते, हे लिहिणाऱ्याने एकदा मनात आणावं.

विषय मोठा, चित्रपट मध्यम

मधला शेरा सर्वांत जास्त बोचतो तो ऐतिहासिक चित्रपटांच्या वेळी, आणि या बाबतीत साताऱ्याएवढं देणं-घेणं दुसऱ्या कुणाचं क्वचितच असेल. प्रतापगड इथला, तळबीड इथलं, आणि संभाजीराजांचे चिरंजीव शाहू यांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये झाला तोही साताऱ्यातच. इथला प्रेक्षक अशा चित्रपटाला जातो तेव्हा आपल्या घरची गोष्ट पाहायला जातो. परीक्षकाने ‘ठीक आहे’ म्हटलं की तो ते महापुरुषाबद्दल ऐकतो. वस्तुतः परीक्षक बोलत असतो पटकथेबद्दल. महापुरुषाच्या मोठेपणाचे गुण चित्रपटाच्या खात्यात जमा करता येत नाहीत, आणि चित्रपटाचं उणेपण महापुरुषाच्या नावावर टाकता येत नाही. ही दोन खाती वेगळी ठेवणं हाच मला त्या इतिहासाबद्दलचा आदर वाटतो.

मे २०२२ मधल्या ‘सरसेनापती हंबीरराव’ या चित्रपटाचं पाहा. कराडजवळच्या तळबीडचे हंबीरराव मोहिते १६७४ मध्ये, प्रतापराव गुजरांनी नेसरीला देह ठेवल्यावर सरनौबत झाले. सोयराबाई त्यांची बहीण, ताराबाई त्यांची कन्या. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत ते पडले. दोन छत्रपतींच्या काळात सैन्य चालवलेला हा माणूस, त्याच्या घरातली नाती थेट गादीशी जोडलेली, आणि शिवाजी महाराजांच्या पश्चात गादीच्या वादात बहिणीच्या बाजूला न जाता तो संभाजीराजांच्या पाठीशी उभा राहिला. नाटककाराने आयुष्यभर वाट पाहावी असा हा पेच. प्रवीण तरडे यांनी लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका अशी तिहेरी जबाबदारी घेतली, आणि गश्मीर महाजनी यांनी शिवाजी महाराज व संभाजी महाराज अशा दोन्ही भूमिका केल्या. टाळ्या घेणाऱ्या जागा भरपूर आहेत आणि त्यातल्या काही खऱ्या कमावलेल्या आहेत. पण सेनापतीवरच्या चित्रपटात मला डावपेच दिसायला हवे होते. घोडदळ कुठून निघालं, रसद कशी तोडली, कमी माणसांत जास्तीची फौज कशी अडवली, या प्रश्नांपेक्षा चित्रपट गर्जनेवर अधिक भिस्त ठेवतो. आणि बहीण की धनी, हा पेच जितका वेळ मागतो तितका त्याला मिळत नाही. माझा शेरा मधलाच, पण तो मी चुकचुकत दिला, कारण विषयात याहून पुष्कळ होतं.

याच्या महिनाभर आधी दिग्पाल लांजेकर यांचा ‘शेर शिवराज’ आला होता. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’ आणि ‘पावनखिंड’ या त्यांच्या आधीच्या चित्रपटांच्या मालिकेतला हा पुढचा. १० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडाखालची भेट हा त्याचा गाभा. चिन्मय मांडलेकर महाराजांच्या आणि मुकेश ऋषी अफझलखानाच्या भूमिकेत आहेत. दृश्य परिणामांत काटकसर जाणवते, भाषणं कधी कधी लांबतात. तरी एकूण ताण टिकतो, कारण चित्रपटाने स्वतःला एका घटनेभोवती बांधून घेतलं आहे. या घटनेतलं खरं नाट्य वाघनखांत कमी आणि वकिलांच्या येण्या-जाण्यात जास्त आहे. खानाला जावळीच्या दाट रानात उतरायला लावणं हाच अर्धा विजय होता. ज्याने आंबेनळीचा घाट पावसाळ्यात पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. चित्रपटालाही ही भूगोलाची बाजू उमगलेली आहे. दोन्ही चित्रपटांना कुणी तीनच तारे दिले तरी मी साताऱ्यातल्या शाळेला हा दुसरा दाखवायला सांगेन.

१४ फेब्रुवारी २०२५ ला आलेला ‘छावा’ हिंदी, पण दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर मराठी आणि आधार शिवाजी सावंत यांच्या कादंबरीचा. झलक प्रसिद्ध झाल्यावर लेझीम खेळण्याच्या दृश्यावरून वाद झाला आणि ते दृश्य काढून टाकण्यात आलं. पुढे विकी कौशलच्या या चित्रपटाने हिंदीतल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांत जागा मिळवली. परीक्षणांचा सूर मात्र विभागलेला होता. शेवटची तीस-चाळीस मिनिटं प्रेक्षकाला खुर्चीत खिळवून टाकतात, चित्रगृहातून माणसं रडत बाहेर पडली, हे खरं. पण त्याआधीच्या दोन तासांत संभाजीराजे लढताना दिसतात, राज्य चालवताना फार कमी. ‘बुधभूषण’ लिहिणारा, संस्कृत जाणणारा राजा पडद्यावर जवळजवळ येतच नाही. येसूबाईंचं राजकीय शहाणपण दोन-चार दृश्यांत आटोपतं. ए. आर. रहमान यांचं पार्श्वसंगीत काही जागी त्या काळाशी आणि मातीशी फटकून वागतं. हे लिहिणाऱ्यांना तेव्हा बरंच ऐकून घ्यावं लागलं. मला वाटतं, ज्यांना शंभूराजे पुरते कळावेत असं वाटतं, त्यांनीच ही उणीव आधी बोलून दाखवायला हवी.

सांगलीचा कान

सांगलीत निवाड्याची परंपरा चित्रपटाहून जुनी. विष्णुदास भावे यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हापासून. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल जवळच्या हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर खुद्द सांगलीचे. आणि थोड्याच अंतरावर कवलापूर, तमाशातल्या काळू-बाळूंचं गाव. संगीत नाटक आणि तमाशा, दोन्हींत प्रेक्षक आपला निकाल तिथल्या तिथे देतो, ‘वन्स मोअर’ने किंवा शिट्टीने.

खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आलं. चाली गोविंदराव टेंबे यांच्या आणि भामिनी बालगंधर्वांची. सुबोध भावे यांनी त्यावरचा चित्रपट १० जानेवारी २०२५ रोजी आणला. त्यांनीच २०१५ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ पडद्यावर आणून लोकांना जिंकलं होतं, त्यामुळे अपेक्षा उंच होत्या. संगीत पुन्हा शंकर-एहसान-लॉय यांच्याकडे होतं.

या चित्रपटाला मधला शेरा का मिळतो हे ‘कट्यार’शी ताडून पाहिलं की उलगडतं. ‘कट्यार’मध्ये गाणं हीच गोष्ट आहे. दोन घराणी, दोन गळे, एक मत्सर. गाणं थांबवलं तर गोष्ट थांबते. ‘मानापमान’मध्ये गोष्ट धनाची आणि शौर्याची. पराक्रमी पण निर्धन धैर्यधराचा भामिनी अपमान करते, आणि तिला पुढे त्याची योग्यता कळते. हा वाद रंगमंचावर चालतो पदांतून आणि खटकेबाज संवादांतून, तिथे पात्राचं वेशांतर लपलं नाही तरी चालतं. पडद्यावर भव्य महाल, रेशमी वस्त्रं, घोडे आले की प्रेक्षक वास्तवाचे प्रश्न विचारू लागतो. जुनी पदं आणि नवी गाणी शेजारी बसली की तुलना टाळता येत नाही, आणि वाद बाजूला पडून प्रेमकथा पुढे येते. वैदेही परशुरामी यांनी भामिनीचा तोरा छान पेलला आहे. नाट्यगीताचं नावही न ऐकलेल्या मुलांपर्यंत ही पदं पोचली, याचं मोल मी कमी लेखणार नाही. तरी खाडिलकरांच्या गावात बसून पाहताना, त्यांच्या संवादांची धार बोथट झाल्याचं जाणवतं.

वाई दिसते, वाईची भाषा ऐकू येत नाही

प्रकाश झा यांनी ‘मृत्युदंड’ आणि ‘गंगाजल’मधला बिहार वाईत उभा केला. ‘दबंग’, ‘चेन्नई एक्सप्रेस’ इथेच चित्रित झाले. आशुतोष गोवारीकरांच्या ‘स्वदेस’मधलं उत्तरेकडचं चरणपूर म्हणजे वाईजवळची मेणवली. कृष्णेचा घाट सगळ्या देशाने पाहिला, दुसऱ्याच नावाने.

‘स्वदेस’चं उदाहरण शेऱ्यांच्या हिशोबातही महत्त्वाचं आहे. १७ डिसेंबर २००४ रोजी तो आला तेव्हा चांगलं म्हणणाऱ्यांनीही तीन तासांहून जास्त लांबीवर बोट ठेवलं, आणि तिकीटबारीवर तो थंड राहिला. महेश अणे यांच्या छायाचित्रणाला आणि उदित नारायण यांच्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. आज तो शाहरुख खानच्या सर्वोत्तम कामांत गणला जातो. ज्या संथपणाला तेव्हा दोष म्हटलं, त्यामुळेच ते गाव श्वास घेतं.

इथल्या चित्रपटांविषयी मुंबई-पुण्यात लिहिलं जाणारं परीक्षण एका बाबतीत मला कायम अपुरं वाटतं. कोरेगावची, माणची, वारणाकाठची, जतची बोली त्यात एका ‘गावरान’ शब्दात उरकली जाते. ‘लागिरं झालं जी’ या २०१७ मधल्या मालिकेने सातारी बोली घराघरांत नेली, तिचा ठसका सगळ्यांनी उचलला. मात्र माणदेशी माणूस कमी बोलतो आणि वाक्य अर्ध्यात सोडतो. २०१९ मधल्या, धोंडिबा कारंडे दिग्दर्शित ‘पळशीची पीटी’मध्ये हे नीट पकडलेलं आहे. धावणाऱ्या भागीची ही गोष्ट. ज्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली होती, त्याच तालुक्यात ही गोष्ट घडते, तेव्हा तिला आधार लागत नाही. किरण ढाणे यांचं काम मन लावून केलेलं. चित्रपट काही जागी भाबडा होतो, शाळेतली माणसं ठोकळेबाज आहेत. म्हणून तीन तारे. पण त्या माळाची आणि त्या मुलीच्या गप्प राहण्याची दखल घेतल्याशिवाय ते तीन तारे लिहू नयेत.

खेळ एकच असतो तेव्हा

२०१५ मध्ये राज्य सरकारने बहुपडदा चित्रगृहांना मराठी चित्रपटासाठी दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत जागा ठेवायला सांगितलं. तरी जिल्ह्याच्या गावी मधल्या शेऱ्याच्या मराठी चित्रपटाला पुष्कळदा एखाद-दुसराच खेळ मिळतो, तोही गैरसोयीच्या वेळी, आणि सोमवारी तो टिकेल याची खात्री नसते. शनिवार-रविवारी गर्दी दिसली नाही तर पडदा मोठ्या हिंदी चित्रपटाकडे जातो. म्हणून ‘लोक काय म्हणतात ते पाहू, मग जाऊ’ हे धोरण मुंबईत चालतं, कराड-मिरजेत चालत नाही.

ओटीटीवर येईल तेव्हा पाहू, हा विचार घरगुती, संवादांवर चालणाऱ्या चित्रपटाला लागू पडतो. ‘बाईपण’सारखा एकत्र बसून हसण्या-रडण्याचा चित्रपट मात्र गर्दीतच पाहावा. ‘महाराष्ट्र शाहीर’ आणि ‘मानापमान’ आवाजासाठी चित्रगृहात पाहण्याचे आहेत, मोबाइलच्या कर्ण्यातून डफ-तुणतुणं आणि पदं निम्मी होतात. ‘पळशीची पीटी’तला माळ सहा इंचांत मावत नाही. परीक्षकाने ताऱ्यांच्या खाली एवढी एक ओळ जास्तीची लिहिली, की हा चित्रपट कुठे पाहायचा, कुणाबरोबर पाहायचा आणि रविवारच्या आत जायला हवं का, तर सांगलीच्या वाचकाचे तिकिटाचे पैसे योग्य ठिकाणी जातील.